ळ

माझा पहिला स्टुडिओ सावद्याला,
मधुकाका झोप्यांच्या केळी पिकवायच्या चेंबरात.
दुपारी दोनला गाडी भरून गेली
की पाचपर्यंत चेंबर रिकामं.
काका कॉम्प्रेसर बंद करायचे, म्हणायचे,
‘दार लोटू नको बरं, आत गॅस राह्यते.’

चार इंच जाड भिंती.
फटीतून ट्रकचा हॉर्न यायचा,
पण पातळ होऊन, दुसऱ्याच गावाचा असल्यासारखा.
उपड्या क्रेटवर मोबाइल,
त्यावर ओढणीची दुहेरी घडी, फुंकर लागू नये म्हणून.
मी म्हणायची: केळी.
मोबाइल परत ऐकवायचा: केयी.

आमच्याकडे जीभ तेवढी मागे वळत नाही.
डोळा डोया होतो, शाळा शाया,
आणि हे बाविसाव्या वर्षापर्यंत
मला कळलं नव्हतं.
कयलं होतं. कळलं नव्हतं.

त्याआधी मी हुरमत तडवीच्या रिक्षात बसून
पालिकेच्या सूचना वाचायची.
‘नागरिकांना कळविण्यात येते की उद्या पाणी येणार नाही.’
गल्लीच्या ‘कयविण्यात’ला काही हरकत नव्हती.
फेरीचे दीडशे रुपये, चहा वेगळा.
बायका मला ओळखायच्या:
पाणी न येणारी पोरगी.

जळगावला नाट्यस्पर्धेत मला भूमिका मिळाली नाही.
विंगेत वही घेऊन उभी राहिले.
आमचा नायक तीनदा अडला, तीनदा मी सांगितलं,
परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं:
विंगेतला आवाज स्पष्ट.
तो कागद मी लॅमिनेट केला.
हसू नकोस, खरंच केला.

मग पुण्यात, काचेच्या अलीकडे,
हेडफोन कानांपेक्षा मोठे.
‘आधी नाव सांगा.’
प्रणिता भंगाये.
काचेपलीकडे कोणी हललं नाही.
बटण दाबून तो म्हणाला, ‘भंगाळे का?’
मी हो म्हटलं.
‘खानदेश?’
हो.
‘कळलं.’
त्याचा ळ फार सुंदर होता.

भुसावळला उतरेपर्यंत मी खिडकीशी
माझंच आडनाव पुटपुटत होते.
समोरच्या आजोबांना वाटलं, जप.
त्यांनी पाय आखडून घेतले.

सात महिने गेले चेंबरात.
जिभेचं टोक मागे, टाळूला, मग सोडून द्यायचं:
ळ. ळ. ळ.
एकदा काकांनी दारातून विचारलं,
‘घसा बसला का माय?’
ळ आला तेव्हा मार्च होता.
आईला फोन करून म्हटलं, दुपारची केळी कोण घेऊन गेलं?
आई म्हणाली, ‘कोन बोलतं?’

पहिलं काम आलं ते गर्दीचं.
परक्या भाषेतल्या सिनेमात पूल पडतो,
आम्ही नऊ जण एका माइकभोवती,
ओरडायचं होतं: पळा.
आठ जण ओरडले पळा.
मी, सात महिने घासलेली मी,
पडद्यावर ते पाणी अंगावर येताना पाहून
ओरडले: पया!

रेकॉर्डिस्टने हात वर केला.
पुन्हा ऐकलं. पुन्हा.
मी चप्पल शोधत होते.
‘राहू द्या,’ तो म्हणाला,
‘बाकीचे वाचतायत. ही एकटी पळतेय.’

याचा फार अर्थ लावू नकोस.
आठशे रुपये, तेही साडेचार महिन्यांनी,
श्रेयनामावलीत नाव नाही.
पुढच्या आठवड्यात एका बँकेसाठी
‘खातेदारांना कळविण्यात येते’ म्हटलं,
ळ अगदी त्या माणसासारखा,
आणि घरभाडं त्यावरच निघालं.
आता दोन्ही जिभा सोबत नेते.
कधीकधी चुकीची बाहेर येते.
तेवढं चालायचं.

तू फैजपूरहून विचारतोयस, सुरुवात कुठून करू.
फोटो नंतर काढ. माइक आत्ताच घेऊ नकोस,
उधारीवर तर नकोच.
सावद्याला जा, मधुकाकांना माझं नाव सांग,
तुला येतं तसंच सांग.
दोनला गाडी जाते.
ओढणी नसेल तर पंचा चालेल.
दार लोटू नकोस.
आणि कॉम्प्रेसर सुरू झाला, की वाक्य अर्धं असलं तरी थांब.
केळी आधी.